कांदा, लसूण, वांगं सोडून तीन दिवस

माझी माय दरवर्षी कांदेनवमीला दाबून कांदाभजी आणि भरीत खाते आणि आषाढी एकादशीपासून तिन्ही बंद करते: कांदा, लसूण, वांगं. थेट कार्तिकीपर्यंत. वऱ्हाडात राहून चार महिने वांगं सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमच्याकडे लग्न असो की भंडारा, पंगतीत वांग्याची भाजी असतेच, आणि ती नसेल तर लोक घरी जाऊन नावं ठेवतात.

जुलैत पुण्याहून ताईचा फोन आला. "यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आहे. तीन दिवस मिळतात. मायला घेऊन शेगाव-लोणार करू." माय शेगावला किती वेळा गेली याचा हिशेब नाही, पण लोणार तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. कारंजा-मूर्तिजापूर रस्त्यावरच्या आमच्या गावाहून ते काही फार लांब नाही. जवळचं म्हणूनच राहिलं.

आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, कंपनीत प्लॅनिंगचंच काम करतात. त्यांनी दोन दिवसांत तक्ता करून पाठवला: किती वाजता कुठं, किती किलोमीटर, कुठं जेवण. जेवणाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी 'व्हेज' लिहून पुढं हिरवी खूण. मी फोन करून म्हटलं, "भाऊजी, नुसतं व्हेज लिहून आपलं भागत नाही." ते म्हणाले, "का? आपण सगळे व्हेजच आहोत ना?"

तर आम्ही सहा जण असे. माय चातुर्मासवाली; शिवाय जिथं मटण शिजतं त्या हॉटेलात ती पाण्याचा घोटही घेत नाही. मी आणि बायको एरवी सगळं खाणारे, पण श्रावण पाळतो. ताईला वांगं-कांदा सगळं चालतं. भाऊजी जन्माचे शाकाहारी, पण वऱ्हाडी तिखट त्यांना दोन घासांत घाम फोडतं. आणि भाची बारा वर्षांची, तिला जिथं जाईल तिथं पनीरच लागतं. त्यातून पंधरा ऑगस्टलाच गोकुळाष्टमी, म्हणजे मायचा पहिला दिवस उपासाचा. एका गाडीत पाच प्रकारचे शाकाहारी.

शुक्रवार

शाळेत झेंडा झाला, पोरांची भाषणं झाली, बुंदी वाटली आणि साडेदहाला मी मोकळा झालो. मास्तर माणसाला पंधरा ऑगस्टला सकाळी कुठं जाता येत नाही, त्यामुळे तक्त्यातली 'सकाळी ७' ही वेळ तिथंच गळाली.

बायकोने आदल्या रात्रीच डबे भरले होते. उपासाला राजगिऱ्याचे लाडू आणि वाफवलेले शेंगदाणे. पुढच्या दोन दिवसांसाठी दुधात मळलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बिनलसणाची दाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं. डिक्की बघून भाऊजी म्हणाले, "आपण तीनच दिवस चाललोय ना?" दशमी पाण्यात मळत नाहीत, म्हणून ती दोन दिवस टिकते आणि सोवळ्यालाही चालते. प्रवासाला निघताना हे डोकं आमच्या आज्यांनी कधीच चालवून ठेवलं आहे.

मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर करत शेगाव. बाळापूरला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात किल्ला आहे आणि नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला तेच हे जयसिंग. तक्त्यात इथं पंधरा मिनिटं होती, पण पाऊस असा आला की काच खाली करून भाचीला "ते बघ" एवढंच म्हणता आलं. तिला काही दिसलं नाही.

शेगावात जोडून सुट्टी काय असते ते कळलं. रस्त्याला गाड्यांची रांग, भक्तनिवासात खोली मिळायची आशा नाही. स्टेशनजवळ एका लॉजवर दोन खोल्या मिळाल्या. फोनवरच्या फोटोत खिडकीबाहेर झाडं होती. प्रत्यक्षात खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लावता येईल इतकी जवळ. मायला त्याचं काहीच नव्हतं. तिला दर्शनाची घाई.

समाधीच्या दर्शनाला तळघरात उतरावं लागतं आणि त्या रांगेला त्या दिवशी कित्येक तास लागणार होते. ज्यांना तेवढं उभं राहणं होत नाही त्यांच्यासाठी श्रीमुख दर्शनाची वेगळी रांग असते, बाहेरून मुखदर्शन घेऊन पुढं निघायचं. मी मायला तेच सुचवलं. ती म्हणाली, "पायले मी सांगतो, तू काहून सांगतं?" आणि मोठ्या रांगेत उभी राहिली. पांढऱ्या कपड्यातले सेवाधारी मधूनमधून "चला माउली, पुढं माउली" करत होते. तिथं लहानथोर सगळे माउली. भाऊजींना कुणी पहिल्यांदाच माउली म्हटलं असावं. ते दोनदा मागं वळून बघत होते, कुणाला हाक मारली म्हणून.

रांगेत मायने भाचीला गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १८७८ ला देविदास पातुरकरांच्या घराबाहेर गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला समाधी. म्हणजे सगळी मिळून बत्तीसेक वर्षं, आणि त्यावर हे एवढं शेगाव. भाचीने विचारलं, "आजी, त्यांना काय आवडायचं?"

"पिठलं-भाकर. अंबाडीची भाजी. हिरव्या मिरच्या," मायने बोटं मोडली. मग थांबून, जरा हळू, "आन कांदा."

भाची हसत सुटली. "म्हणजे देवाला कांदा चालतो आणि तुला नाही?"

"थे महाराज होते. मी महाराज हाओ का?"

बाहेर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मायने राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. भाऊजींनाही ऐन वेळी उपास आठवला आणि त्यांनी एका हॉटेलात साबुदाणा वडा मागवला, त्यावर साबुदाणा उसळ मागवली. (खिचडी म्हणायची सवय असलेल्यांनी विदर्भात उसळच मागावी. खिचडी मागितली की तांदूळ-डाळीची येते.) मायने त्या उसळीला हात लावला नाही. तेल वेगळं आहे का विचारलं, पोरगा "हो हो" म्हणाला, पण एवढ्या पटकन म्हणाला की तिचा विश्वास बसला नाही.

शनिवार

पारणं महाप्रसादावर सोडायचं हे मायचं आधीच ठरलेलं. मला मात्र रात्रभर एकच घोर. भाजीत कांदा निघाला तर? रांगेत उभा असताना मी एका सेवाधाऱ्याला विचारायला निघालो तर तिने बाही धरून मागं ओढलं.

"काय पुसून राह्यला?"

"कांदा-लसूण आहे का म्हणून."

"प्रसादाले पुसत नसतात, बाबू."

संपलं. बसलो, ताट आलं, तिने हात जोडले, खाल्लं. भाजीत काय होतं ते तिने पाहिलंही नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. चातुर्मासाच्या नियमात एवढी मोठी खिडकी आहे हे मला पन्नाशीत आल्यावर कळलं. भाऊजींनी तक्त्यातल्या रकान्यात 'प्रसाद: नियम लागू नाही' असं खरंच लिहून ठेवलं.

नंतर कचोरी. शेगावची कचोरी रेल्वेच्या फलाटावरून मोठी झाली, मुंबई-हावडा लाइनवरच्या प्रवाशांनी ती देशभर नेली. तळहातापेक्षा लहान, चपटी, वरचा पापुद्रा बोटाने दाबला की कुरकुरत फुटतो. आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण, सोबत मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या. आम्ही उभे होतो त्या गाड्यावरचा माणूस कढईतला घाणा झाऱ्याने उलटत होता आणि दर उलटीला वाफेबरोबर लसणाचा वास येत होता, म्हणजे विचारायची सोयच उरली नव्हती. माय दोन पावलं मागं उभी राहिली. भाऊजींनी एक खाल्ली, डोळे पुसले, दुसरी मागितली.

"वास तं चांगला हाये," माय म्हणाली, आणि तोंड दुसरीकडं केलं.

खामगाव ओलांडलं. खामगाव चांदीच्या बाजारासाठी नावाजलेलं. ताई तिथं थांबू या म्हणत होती, मी गाडी थांबवली नाही. हे मी अजून ऐकतो आहे. पुढं जानेफळ, मेहकर. आषाढीहून परतताना गजानन महाराजांची पालखी याच वाटेने येते: सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव, शेगाव. म्हणजे आम्ही त्यांची परतीची वाट उलटी चाललो होतो, तीही एसी लावून. दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेएवढं, कुठं कुठं पाणी साचून पिवळं पडलेलं. मास्तर असलो तरी सहा एकर आपलेही आहेत, त्यामुळे माझी नजर रस्त्यापेक्षा तिकडंच.

मेहकरच्या अलीकडं, तक्त्याप्रमाणं, जेवण. पाटीवर मोठ्या अक्षरात 'शुद्ध शाकाहारी', तारे चांगले, पार्किंग चांगलं. मालकही भला माणूस, त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हे सगळीकडंच आहे. मी विचारलं, "बिनकांद्याचं काय मिळेल?" त्याने मेन्यूकार्ड बघितलं, मग स्वयंपाकघराकडं बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की लाल ग्रेव्ही सकाळीच बनते, पातेलंभर, आणि तिचा पायाच कांदा. त्याच ग्रेव्हीत पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकले की दुसरं, शेव टाकली की तिसरं. वरणाची फोडणी? लसणाची, तयार. जिरा राइस? मिळेल. दही? मिळेल.

तर मायने दही-भात आणि घरची दशमी खाल्ली, आणि आम्ही एकाच ग्रेव्हीच्या तीन भाज्या. भाचीला पनीर मिळालं, ती खूश. मला वाटतं, फिरायला निघणाऱ्याने 'व्हेज आहे का' हा प्रश्न टाकूनच द्यावा. त्याचं उत्तर पाटीवर लिहिलेलं असतं. विचारायचं ते असं: फोडणी आत्ता घालता का? जिथं ताटागणिक फोडणी बसते तिथं काहीही सोडता येतं. जिथं सकाळी पातेलं भरतं तिथं जैन, चातुर्मासवाले आणि पथ्यवाले सगळे दही-भातावर.

मेहकरात पैनगंगेकाठी शारंगधर बालाजीचं देऊळ आहे. मूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली, एका अखंड काळ्या दगडाची, अकरा फुटांची. गाभाऱ्यात मान वर करून बघावं लागतं. माय बराच वेळ तिथं बसली. मेहकरच्या चौकात पोरं दहीहंडीचा दोर बांधत होती आणि आमची गाडी मधोमध अडकली. अर्धा तास गेला. डीजेवाल्याने तेवढ्यात आवाज तपासून घेतला.

लोणारला पोचलो तेव्हा चार वाजले होते, आणि पाऊस नुकताच थांबलेला. काठावर गेलो. मला काही तरी बोलायचं होतं, मी शाळेत हा धडा शिकवतो. पण समोर एवढा मोठा खोलगट गोल हिरवा होऊन पडला होता, मधल्या पाण्यावर ढगाची पातळ पट्टी सरकत होती, आणि खालून कुठून तरी मोर ओरडला. धडा गेला.

आकडे नंतर सांगितले, भाचीने विचारले म्हणून. उल्का बेसाल्टच्या खडकावर आदळून झालेलं हे विवर, रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत, नंतरच्या आर्गॉन चाचणीत ते पाच लाख सत्तर हजार निघालं. मी पोरांना दोन्ही सांगतो. पाणी खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फोटो फिरले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं.

"आन लवणासुर?" मायने विचारलं. तिच्या हिशेबाने विष्णूने लवणासुराला मारलं तो हा खड्डा, आणि पाणी खारं का तर नावातच लवण. भाऊजी हसले. ताईने त्यांना कोपर मारलं.

खाली उतरायची वाट चिखलाने निसरडी होती. मी, भाऊजी आणि भाची थोडं उतरलो, भाची एकदा बसूनच घसरली, आणि परत फिरलो. तळ्याकाठची कमळजा देवी राहिली. माय तोवर धारेवर, गोमुखापाशी बसली होती. एका खाऱ्या तळ्याच्या काठावर बारमाही गोड पाण्याची धार पडते हे तिला उल्केपेक्षा मोठं वाटलं. मलाही, खरं तर.

रात्रीचं जेवण तक्त्यात नव्हतं. लॉजवाल्याने एका मावशींकडं पाठवलं, घरातच खानावळ, ओसरीवर चार टेबलं. मी अपराध्यासारखं सुरू केलं, "मावशी, आमच्या मायला कांदा, लसूण, वांगं..."

"श्रावण हाय, आमच्याच घरी कुठं कांदा हाय?" त्या म्हणाल्या. "काटवलं चालतील का?"

माय खुर्ची सोडून थेट त्यांच्या चुलीपाशी गेली. काटवलं पावसाळ्यातलीच, रानातली. वर काट्यासारखी मऊ लव, आकार मोठ्या बोरापेक्षा थोडा मोठा. मावशी एकेक उभं चिरत होत्या. बी पांढरं आणि कोवळं असलं की तसंच कढईत, लालसर झालेलं असलं की नखाने काढून बाजूला. कोवळ्या बियांनीच चव येते, जून बी दाताखाली टरफलासारखं लागतं. जिरं, हिरवी मिरची, चिमूटभर हिंग, हळद, मीठ, वरून दाण्याचा कूट. पाणी नाही, झाकण नाही. सारखं हलवत कडा तांबूस होईपर्यंत. सोबत तुरीचं फिकं वरण, तुपाची धार, ज्वारीची भाकर. फिकं म्हणून भाऊजींनी वरण चार वाट्या प्यायलं. भाचीने पनीर मागितलं नाही, पण काटवलंही दोनच खाल्ली. उगाच वाढवून सांगत नाही.

माय आणि मावशी भांडी होईपर्यंत बोलत होत्या. दोघींचं माहेर वाशीमकडचं निघालं.

रविवार

सकाळी दैत्यसुदनाचं देऊळ. चालुक्यांच्या काळातलं, बाहेरून ताऱ्यासारखं कोनाकोनाचं, भिंतींवर शिल्पं. आत एवढा अंधार की मोबाइलचा उजेड लावावा लागला. दैत्याच्या अंगावर पाय देऊन विष्णू उभा. मायने भाऊजींकडं बघितलं, बोलली काहीच नाही. काल हसलेले ते आज निमूट नमस्कार करून बाहेर आले. निजलेला मारुतीही पाहिला, पाच मिनिटांत.

सिंदखेडराजाला दुपार झाली. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा राजवाडा, त्याचा उंच दरवाजा रस्त्यावरूनच दिसतो. भाचीने इतिहासाच्या पुस्तकातला परिच्छेद म्हणून दाखवला. पण मी थांबलो ते लखुजीरावांच्या समाधीपाशी. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, मुला-नातवासह त्यांची कत्तल झाली. समाधीची इमारत प्रचंड आहे, आणि त्या दुपारी तिथं आम्ही सहा जण आणि चार शेळ्या. वाड्यापाशी सेल्फीची गर्दी, इथं कुणी नाही. ताई म्हणाली, लेकीचं बाळंतपण सगळ्यांना आठवतं, बापाचं मरण कोण बघतं. मोती तलाव काठोकाठ भरला होता, तो गाडीतूनच पाहिला.

परत समृद्धीने आलो, सिंदखेडराजाला चढून कारंजाला उतरलो. १२० च्या मर्यादेत गाडी चालवताना चहा प्यायला कुठं थांबावं हा प्रश्नच येत नाही, कारण थांबायला फारसं काही नाहीच. तिखटमिठाच्या पुऱ्या तिथं कामी आल्या. चटणीचा डबा तळाला गेला तेव्हा भाऊजींनी बोटाने पुसून घेतला. पहिल्या दिवशी डिक्की बघून जे बोलले होते ते मी आठवून दिलं नाही, बायकोने दिलं.

घरी पोचलो, सामान उतरवलं. एका पिशवीत शेगावच्या दोन कचोऱ्या राहिल्या होत्या, मऊ पडलेल्या. ताईने तव्यावर गरम केल्या आणि अख्खं घर लसणाच्या वासाने भरलं. माय देवघरात दिवा लावत होती. तिथूनच हाक आली.

"बाबू, कार्तिकी कधी हाये रे यंदा?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून तारीख सांगितली.

"मंग बारशीले शेगावले जाजो," ती म्हणाली. "मह्यासाठी चार आनजो."